गावच्या घराच्या माळ्यावर उदमांजर व्यालंय, गणपतीआधी माळा मोकळा होईल का? मदत हवी आहे

सुपारीचं_खांड:
नमस्कार मंडळी. आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात, जुनं, कौलारू, मागे माड आणि पोफळी. आईबाबा दोघंच असतात, मी ठाण्याला. मे संपता संपता रात्री माळ्यावर धावपळ सुरू झाली, आईला वाटलं घुशी. मग वास यायला लागला, म्हणजे घाण नाही हां, चक्क आंबेमोहोर रटरटत असल्यासारखा आणि तोही मध्यरात्री! शेजारच्या काकी म्हणाल्या घरात काहीतरी आहे, नारळ उतरवून टाका. शेवटी बाबांनी शिडी लावून बॅटरी मारली तर मखराच्या खोक्यामागे जुन्या गोधडीत तीन पिल्लं, डोळे मिटलेली, आणि त्यांची आई कोपऱ्यातून फिसकारतेय.

आता प्रॉब्लेम असा की माळ्याच्या फळ्यांमधून मूत झिरपून खाली देवघरात डाग पडलेत. पडवीच्या पत्र्यावर रोज ठरलेल्या एकाच जागी विष्ठा, जांभळाच्या बियांनी भरलेली, पाऊस आला की ती वाहत अंगणात. वाडीतले एक जण म्हणतात फासकी लावून देतो, दुसरे म्हणतात केळ्यात औषध घालून ठेवा, सकाळी काम तमाम. बाबा दोन्हीला नाही म्हणाले, पण आई वैतागलीय कारण गणपतीला सगळं खटलं गावी जमणार आणि मखर नेमकं त्यांच्याच ताब्यात. मला विचारायचंय की ही पिल्लं कधी जातात, तोवर डांबरगोळ्या वगैरे ठेवाव्यात का, आणि घरात मांजर आहे तिला काही होणार नाही ना? प्लीज अनुभव असेल तर सांगा.

रानभूल:
विष आणि फासकी दोन्ही विसरा. उदमांजराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मारणं सोडाच पकडून दुसरीकडे नेऊन सोडणंही परवानगीशिवाय चालत नाही. शिवाय ते केळं तेच खाईल याची गॅरंटी काय, वाडीतलं कुत्रं किंवा वासरू खाईल. काही अडलंच तर वनविभागाचा 1926 नंबर आहे, तिथे फोन करा.

एक कन्फर्म करा, शेपटीवर गोल पट्टे आहेत का? पट्टे नसतील, शेपूट काळपट आणि पाठीवर ठिपक्यांच्या ओळी असतील तर साधं उदमांजर, झाडावर आणि माळ्यावर राहणारं. पट्टेवाली शेपूट म्हणजे जवादी, ती बहुतेक जमिनीवर हिंडते, माळ्यावर शक्यता कमी.

खारातला_आवळा:
आमच्याकडे याला कांडेचोर म्हणतात. राजापूरला आमच्या माळ्यावर वर्षानुवर्षं आहे, आजी म्हणायची राहू दे, उंदीर तरी खातो. खरंच खातो, पण केळीचा घड पिकायला घातला की तोही खातो 😄

टिवल्याबावल्या:
अहो ती विष्ठा फेकू नका, त्यातली कॉफी हजारो रुपये किलो जाते म्हणे, आईंना बिझनेस टाकून द्या.

रानभूल:
@टिवल्याबावल्या त्यासाठी आधी त्याने कॉफीची फळं खायला हवीत, जांभळाच्या बियांना कोण विचारतंय. आणि तो धंदा फार गोड नाहीये. इंडोनेशियात पूर्वी मळ्यात पडलेली विष्ठा वेचायचे, मागणी वाढली तशी यांना छोट्या पिंजऱ्यांत कोंडून कॉफीची फळं चारायला लागले, निशाचर प्राणी, दिवसभर पर्यटक फोटो काढतायत.

कुळीथपिठी:
माझ्या नणंदेने सांगितलं सार्स याच प्राण्यामुळे पसरला. लहान मुलं येणार असतील तर रिस्क नको हो.

पशुवैद्य_रिटायर्ड:
@कुळीथपिठी ते दक्षिण चीनमधलं 2003 चं प्रकरण. तिथल्या ग्वांगडाँगमधल्या बाजारांत वेगळ्या जातीच्या, तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या उदमांजरांत तो विषाणू सापडला होता, मूळ वटवाघळांत. बाजारात जिवंत प्राणी एकावर एक पिंजऱ्यात रचलेले असत, त्यातून ते झालं. तुमच्या माळ्यावरच्या बाळंतिणीचा त्याच्याशी संबंध नाही.

धागाकर्ते, विष्ठेबाबत मात्र काळजी घ्या. जंत असू शकतात. सुकी झाडू नका, आधी पाणी मारून ओली करा, नाकाला फडकं, हातात ग्लोव्ह्ज, मग खड्ड्यात पुरून टाका. मांजराचं लसीकरण करून घ्या, काही रोग दोघांनाही होतात. पिल्लांना हात लावायचा नाही, आणि आई चावलीच तर जखम साबणाने भरपूर धुवून थेट रेबीजच्या इंजेक्शनला जायचं, हळद लावून बसायचं नाही. डांबरगोळ्या नकोत, तिच्यापेक्षा तुमच्या आईबाबांनाच त्या वासाचा त्रास होईल.

माडाखालचा:
आमच्या घरी हे सगळं झालंय म्हणून सांगतो. पिल्लं साधारण दोन महिन्यांत दूध सोडतात आणि आईमागून बाहेर पडायला लागतात, म्हणजे आत्ता डोळे मिटलेली असतील तर गणपतीपर्यंत बऱ्यापैकी चान्स आहे. आत्ता फट बंद केलीत तर आई बाहेर आणि पिल्लं आत, ती कौलं फोडेल आणि पिल्लं मेली तर जो वास सुटेल त्यापुढे हा आंबेमोहोर परवडला. घाई असेल तर माळ्यावर एक एलईडी बल्ब चालू ठेवा आणि रेडिओ लावा, कधीकधी आई स्वतःच एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवते. आमच्याकडे हलवली, शेजाऱ्यांकडे 🙈

गेली की नाही हे बघायला फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबायचा. सकाळी बोळा खाली पडलेला असेल तर मुक्काम चालू. तीन-चार रात्री जागच्या जागी राहिला आणि माळ्यावर काही आवाज नसेल तर मग वाशांच्या टोकांमधल्या फटीला बारीक चौकोनाची वेल्डेड जाळी ठोका, प्लॅस्टिकची कोंबड्यांची जाळी फाडतात. छपराला टेकणाऱ्या झावळ्या तोडून घ्या आणि उंदरांसाठी माडाला पत्रा गुंडाळतो तसा गुंडाळा.

सुपारीचं_खांड:
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच बाबांशी बोललो, शेपटीला पट्टे नाहीत. बल्ब उद्या लावतायत, रेडिओला आईने आकाशवाणी रत्नागिरी सुचवलंय. गोधडी तशीच राहू देतो, मूत झिरपतंय तिथे देवघरावर ताडपत्री बांधून घेतो. @माडाखालचा जाळी कौलं न काढता खालून ठोकता येते का? पावसात कौलांवर शेवाळ आहे आणि बाबांना वर चढू द्यायचं नाहीये.

माडाखालचा:
येते, आतून माळ्यावर बसूनच वाशांना ठोकायची, खिळे नकोत, स्क्रू आणि वॉशर वापरा. सुतार बोलवा आणि दिवसा नको, अंधार पडल्यावर तासाभराने, म्हणजे चुकून एखादं राहिलं असेल तरी तोवर बाहेर पडलेलं असतं. ठोकायच्या आधी तो खोका आणि गोधडी मात्र हलवून बघा.