पोरगं खोलीचं दार लावून बसलं की... पालकवर्गाला गेलेल्यांनी अनुभव सांगा

गंगावेशकरीण
काल माळा आवरताना एक पिवळा कागद सापडला. 2019 च्या पुरात भिजून वाळलेला. त्यावर माझंच अक्षर: 'घरचा अभ्यास. रोज 10 मिनिटं मुलासोबत. मार्क, मोबाईल, क्लास हे तीन शब्द बंद.' तिथंच फतकल मारून बसले.

लेक तेव्हा नववीत. दार बंद, जेवण रात्री एकला, विचारलं की "काय नाही." मी त्याला नखरे म्हणत होते. कोल्हापुरात राजारामपुरीत एका हॉलमध्ये शनिवारी पालकांचा वर्ग असायचा, मैत्रिणीनं ओढून नेलं. आठ शनिवारांतले सात झाले, आठवा पावसानं गेला तो गेलाच. एकदा मला मुलगा व्हायला लावलं आणि दुसरी एक बाई 'मी' झाली. ती माझीच वाक्यं माझ्यावर फेकायला लागली. "आम्ही तुझ्या वयात असताना..." दोन मिनिटांत मला तिथनं उठून पळावंसं वाटलं.

त्या 10 मिनिटांसाठी त्याला ॲक्टिव्हावर मागं बसवून कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला न्यायचे. तीन दिवस चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी मागनं आवाज आला, "आई, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही." मी गाडी थांबवली नाही. थांबवून मागं वळले असते तर गप्प झाला असता. तशीच रंकाळ्याला एक जादा चक्कर मारली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर.

आता पुण्यात नोकरीला आहे. बराय. कधी फोनवर आवाज बारीक लागतो, तेव्हा अजून पोटात गोळा येतो. तुमचं सांगा.

तांबडा_पांढरा
आमच्या वर्गात बावीस आया आणि मी एकटा बाप. चहा मात्र पहिला मला. 😀 'तू नेहमी असंच करतोस' ऐवजी 'मला काळजी वाटते' म्हणायचं शिकवलं. घरी आधी बायकोवर प्रयोग केला. म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? किती पैसे हवेत?"

कुकरची_शिट्टी
माझ्याकडंपण आहे सांगण्यासारखं. भात लावलाय, येते.

उचगाव_बायपास
आमच्या पोराच्या शाळेत 'किशोरवयीन मुलांचे पालकत्व' म्हणून कार्यक्रम. दीड तास भाषण, शेवटी दारात कोचिंग क्लासच्या फाउंडेशन बॅचचे फॉर्म. पहिल्या पन्नास जणांना सूट. मानसिक आरोग्य लगा!

गंगावेशकरीण
@उचगाव भरला का फॉर्म? खरं सांगा.

उचगाव_बायपास
...बायकोनं भरला.

समुपदेशक_ताई
असे वर्ग घेते, म्हणून थोडं. दक्षिण आफ्रिकेत 'सिनोवुयो टीन' नावाचा 14 सत्रांचा कार्यक्रम आहे, 10 ते 18 वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक. दहा सत्रं एकत्र, चार वेगवेगळी. 40 गावं-वस्त्यांत, 552 कुटुंबांवर तपासला. घरातली मारहाण कमी झाली, पालकांचा ताण उतरला, मुलांची नशापाणी घटली. पण पोरांच्या उदासीत किंवा वागण्यात तेवढ्या काळात फरक दिसला नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते, आठ शनिवारांत पोरगं बदलणार नाही, घरातलं हवामान बदलेल. गंगावेशकरीण, तुम्ही पुढं डॉक्टर गाठलात ते फार बरं केलंत. बऱ्याच जणांना वाटतं वर्ग केला म्हणजे झालं.

नातवाची_आजी
मी पण जातो अशा वर्गाला. सून नोकरीला, मग मीच जातो. (मुंबईची नात हसते, म्हणते आजी 'जाते' म्हण. कोल्हापूरच्या बाईनं का बदलायचं?) तिथं सांगितलं, ऐकताना मान हलवा, मधे बोलू नका. माझं तोंड मिटायचं नाही ओ. मग ताटभर घेवडा घेऊन बसायला लागलो. शेंगा सोलायच्या आणि ऐकायचं. नातू घेवडा बघून म्हणतो, "आजी, आज क्लास आहे व्हय?"

तांबडा_पांढरा
आजी, घेवडा एक नंबर. 🙏

कळंब्याची_पोर
मी 19 ची. आईबाबा कुठल्याच वर्गाला गेले नाहीत. दहावीत रोज रात्री रडायचे, आईला वाटायचं सर्दी. विक्सची डबी उशाला ठेवून जायची. राग नाही आता, ती डबी अजून हॉस्टेलवर आहे. पण एकदा तरी विचारायला हवं होतं.

गंगावेशकरीण
बाळा 🫂

नाव_नको
कुणाला तरी विचारायचंच होतं. मुलगी अकरावीत, वहीत मरणाचं काहीबाही लिहिलंय. सरळ विचारलं तर डोक्यात नको ते भरेल म्हणून नवरा गप्प बस म्हणतो.

समुपदेशक_ताई
विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आजच विचारा, साध्या शब्दांत: "मरावंसं वाटतं का तुला?" 'हो' आलं तर ओरडू नका, रडलात तरी चालेल. तिला एकटी सोडू नका. घरातली औषधं, फवारणीचं काही असेल तर आधी हलवा. 14416 वर टेली मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) आत्ता लावा, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. काही करून बसेल असं वाटलं तर थेट दवाखाना, अगदी रात्रीसुद्धा. मी मेसेज टाकलाय.

नाव_नको
लावते. नवरा बाहेर गेलाय तेवढ्यात.

उचगाव_बायपास
ताई, लावा. दादांना आम्ही समजावू. माझ्या भाच्याच्या वेळी मी पण असंच म्हणालो होतो, गप्प बसा. चुकलो होतो.

पेठेतला_गोलकीपर
विषय वेगळा, पण रात्री साडेनवाला कट्ट्यावर दूध मिळतं का अजून? पोराला न्यावं म्हणतोय. मॅच हरल्यापासनं चार दिवस घुम्यागत बसलाय.

तांबडा_पांढरा
मिळतं की. पण 'मॅच' शब्द बंद हं.

नाव_नको
बोलले. नंबरवर पण आणि तिच्याशी पण. 'हो' म्हणाली. आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय. उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे, नवरा पण येणार म्हणतोय. एवढंच लिहिते, हात थरथरतोय.

नातवाची_आजी
मी जागाच आहे रात्रभर. कधीही लिही.

कुकरची_शिट्टी
आले. वरचं सगळं वाचलं. माझं उद्या लिहीन. @नाव_नको, दहाला रिक्षा नाही मिळाली तर सांगा, माझी गाडी आहे.