कमी बजेटमध्ये आउटडोअर पोर्ट्रेटसाठी फ्लॅश सुचवा (बॉडी कॅनन २०० डी मार्क २)

धुऱ्यावरचा_क्लिक:
राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, घरची शेती अन् लग्नसराईत फोटोचं काम. आता खेड्यातही सगळ्याईले प्री-वेडिंग पाहिजे, तेही पऱ्हाटीच्या वावरात, अन् जोडपं तयार होऊन येते बरोबर बारा वाजता. डोळ्याखाली काळे खड्डे पडतात, चेहरा नीट घेतला की आभाळ पांढरं फटक. मित्राचा फ्लॅश अन् तो दुरून उडवायचा एक स्वस्तातला ट्रिगर मागून आणला तर तो फुटतच नाही, त्याच्या जुन्या बॉडीवर मस्त चालते. माझ्याच कॅमेऱ्यावर काऊन नाही? बजेट दहा हजार, ओढूनताणून बारा.

वाशीमची_फोटोवाली:
भाऊ फ्लॅश खराब नाही, तुमच्या बॉडीच्या हॉटशूला (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नाहीये. कॅननने काही मॉडेलमधून ती काढून टाकली, त्यातलं हे एक. साधे ट्रिगर त्या एका पिनवरच फुटतात, म्हणून कॅननसाठी बनवलेलाच ट्रिगर लागेल. गोडॉक्सचा एक्स टू टी घ्या पण 'सी' लिहिलेला, आणि दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा, लावून दोन फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्लॅश टीटी ६००. मॅन्युअल आहे, म्हणजे पॉवर हाताने लावायची, ट्रिगरचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर आतच असतो. दहात हे दोनच कसेबसे बसतील, फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पांढरी छत्री आणि स्टँडचे वरचे धरा.

सावली_शोधक:
माझं ऐकशील तर थोडं थांब आणि गोडॉक्सचाच मोठा फ्लॅश एडी २०० घे, साध्या स्पीडलाइटच्या (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशच्या) जवळपास तिप्पट ताकद आहे. नाहीतर ऊन चेहऱ्यावर परतवायला थर्माकोलची शीट, शंभरात काम.

वाशीमची_फोटोवाली:
@सावली_शोधक दादा बजेट तर वाचा 😀 आणि मे महिन्यात थर्माकोल धरून दाखवा, आमचं मागच्या वर्षी उडून थेट शेजारच्या विहिरीत गेलं.
भाऊ, भर उन्हाचा हिशोब असा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद ठेवलं तर अपर्चर (लेन्सचं भोक) एफ ११ च्या आसपास येतं, आणि १/२०० च्या वर साधा फ्लॅश चालत नाही, फोटोत काळा पट्टा येतो. एफ ११ ला छत्रीतून उन्हाची बरोबरी करायची तर छत्री दीड मीटरवर आणून फुल पॉवर मारावी लागते, मग सेल बसतात आणि प्रत्येक फोटोनंतर नवरी-नवरदेव ताटकळत उभे. हायस्पीड सिंक (१/२०० च्या वरही फ्लॅश चालवायची सोय) आहे या जोडीत पण त्यात ताकद अजून कमी होते. म्हणून उन्हाशी भांडू नका, ऊन जोडप्याच्या पाठीमागे घ्या, केसांवर आपोआप कड येते, चेहरा सावलीत जातो, आणि फ्लॅशला फक्त ती सावली भरायची राहते. फ्लॅश जवळ आणा, अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. आभाळ गडद-फिकट शटरने करा, चेहरा फ्लॅशच्या पॉवरने. अपर्चर हलवलं की दोन्ही हलतात, नव्याची गडबड तिथेच होते.

पैनगंगा_काठ:
ताईंनी सगळं सांगितलंच, फक्त स्टँडचं राहिलं. छत्री म्हणजे शीड आहे बावा, वारा आला की फ्लॅशसकट आडवी, माझा एक फ्लॅश असाच पडून मोडला. खताच्या रिकाम्या पोत्यात तिथलीच रेती भरून स्टँडच्या पायाला बांधत जा, वेगळी सँडबॅग कशाला विकत घेता. वारा लयच असेल तर छत्री काढा, नुसता फ्लॅश मारा, सावली कडक पडेल पण ताकद वाढते. सेल चार्जिंगचे घ्या, चार-चारचे दोन सेट, जुने-नवे एकात घालू नका.

धुऱ्यावरचा_क्लिक:
पिनचं आज कळलं, मी तर मित्रालेच शिव्या दिल्या होत्या. संध्याकाळी काढले तर छत्रीतून चालेल ना? तेव्हा चेहरा निळसर दिसते म्हणे.

वाशीमची_फोटोवाली:
संध्याकाळी तर मजाच, एफ ४ ला १/८ पॉवरवरही निभतं. मागचं ऊन नारंगी आणि फ्लॅश पांढरा, म्हणून चेहरा निळसर वाटतो. स्टेशनरीतून नारंगी जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद) आणून फ्लॅशच्या तोंडावर एक थर टेपने चिकटवा. रंग अगदी मोजून मिळत नाही, पण जमतं. फुल पॉवरवर मात्र लावू नका, वितळतो.

धुऱ्यावरचा_क्लिक:
ठीक ताई. रविवारी नागपूरले जातो, बॉडी सोबत नेतो. बाराच्या जोडप्याले आता चारलाच बोलावतो, नवरीची आई काय म्हणते पाहू.