मदत हवी आहे : आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना नागरी समाजशास्त्र कसे शिकवावे?

नमस्कार.

मी समाजशास्त्राची एम.ए. असून पुण्यातील एका आर्किटेक्चर महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला नागरी समाजशास्त्र हा विषय तासिका तत्त्वावर शिकवते. आठवड्यातून एकच दुपार मिळते, आणि तीही बहुधा स्टुडिओच्या, म्हणजे डिझाइनच्या प्रात्यक्षिक तासाच्या, सबमिशनच्या तोंडावर येत असल्यामुळे अर्धा वर्ग रात्रभर जागलेला असतो. पण ती तक्रार इथे मांडायची नाही. विद्यार्थ्यांना विषय आवडतो, ते वाचतात, वर्गात हिरिरीने बोलतात, आणि तरीही जे समजले ते त्यांच्या रेखाटनात उतरत नाही, ही माझी खरी अडचण आहे. समाजशास्त्र शीटच्या एका कोपऱ्यात ‘सामाजिक पार्श्वभूमी’ या मथळ्याखाली चार ओळींत बसते. शेजारचे डिझाइन त्या चार ओळींवाचूनही तसेच झाले असते.

एक उदाहरण सविस्तर देते. मुंबईतील बीडीडी चाळी हा मी शिकवत असलेला मुख्य विषय. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२०च्या दशकात तत्कालीन सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतींचा नकाशा सर्वांना ठाऊक आहे : मधून जाणारा लांब बोळ, दोन्ही बाजूंना साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामायिक शौचालये. विद्यार्थी हा बोळ मोजतात, त्याचा सेक्शन (उभा छेद) सुरेख काढतात, त्यात माणसांच्या आकृत्या भरतात आणि खाली ‘संवादाची जागा’ असे लिहून मोकळे होतात. पुढे त्यांच्या स्वतःच्या बहुमजली गृहप्रकल्पात प्रत्येक मजल्यावर एक रुंद मोकळी जागा येते आणि तिलाही तेच नाव मिळते.

बोळात माणसे का बसत, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. घरात जागा नव्हती, पुरुषमंडळींना रात्री झोपायला दुसरी सोय नव्हती, गिरणीच्या पाळ्यांमुळे एकाच खोलीतील माणसांच्या झोपेच्या वेळा वेगवेगळ्या होत्या. शेजारधर्म होता हे खरेच, पण त्याला नाइलाजाचा मोठा आधार होता. पुनर्विकासात याच भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे घर मिळते. त्या घरात शौचालय आले, दार बंद करता येऊ लागले, आणि ज्या बाईची उभी हयात सामायिक शौचालयासमोर ताटकळण्यात गेली तिला ‘चाळसंस्कृती’ हरवल्याचे दुःख किती होईल, हे विद्यार्थ्यांनी तिलाच विचारावे असे मला वाटते. हळहळ व्यक्त करणारे बहुतेक लोक चाळीत राहिलेले नसतात, हे माझे मत मी वर्गातही लपवत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. जानेवारी १९७४मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या याच चाळींत दंगल उसळली. इमारती एकाच साच्यातल्या होत्या, पण कोणत्या इमारतीत कोणाची वस्ती आहे हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ होते. ही माहिती कोणत्याही प्लॅनमध्ये दिसत नाही. खोली कोणाच्या नावावर, पोटभाडेकरू कोण, गावमंडळाची खोली कोणती आणि तिथे कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या माणसाला पथारी टाकता येते, हे सारे नकाशात कसे काढायचे, असे विद्यार्थी मलाच विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी रेखाटन शिकलेली नाही. त्यांच्याकडे रेषांचे प्रकार आहेत, छटा आहेत, प्रमाण आहे. मालकी, भाडे आणि जात यांसाठी मात्र त्यांच्या हाती एकही ठरलेली खूण नाही.

यावर मी एक प्रयोग करून पाहिला आहे. पुण्यातल्या पुण्यात जाता यावे म्हणून गोखलेनगरची पूरग्रस्त वसाहत निवडली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतील जी कुटुंबे बेघर झाली, त्यांतील अनेकांचे पुनर्वसन इथे झाले. विद्यार्थ्यांना एकच गल्ली दिली आणि प्रत्येक घराचा मूळ भाग काळ्या रेषेत, नंतरची वाढ लाल रेषेत काढून प्रत्येक लाल रेषेशेजारी तिचे कारण लिहायला सांगितले : मुलाचे लग्न, भाडेकरू ठेवणे, शिवणयंत्र, दुकान. इथे प्रथमच असे झाले की घरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय रेखाटन पुरे होईना. एका गटाने जिना घराबाहेरून का काढला आहे हे विचारले, तेव्हा वरची खोली भाड्याने देता यावी आणि भाडेकरूची ये-जा आपल्या स्वयंपाकघरातून होऊ नये, असे उत्तर मिळाले. त्या एका जिन्यावर आमचा उरलेला सगळा तास गेला. परंतु ज्युरीत, म्हणजे कामाच्या तोंडी परीक्षणात, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘याचा डिझाइनशी काय संबंध?’ असे विचारले आणि गुण पडले ते शीटच्या मांडणीला.

हे दोन विषय मुळात इतके दूर नव्हते, याची गंमत वाटते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची सुरुवात १९१९मध्ये झाली ती पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराच्या हाताखाली, आणि १९२४पासून तो विभाग गो. स. घुर्ये यांनी सांभाळला. आज मात्र आमच्याकडे समाजशास्त्राचा तास एका इमारतीत आणि स्टुडिओ दुसऱ्या इमारतीत अशी स्थिती आहे.

इथे वास्तुरचनाकार, नगररचनाकार आणि अध्यापक बरेच आहेत, म्हणून विचारते. ताबा, भाडे, पोटभाडे यांसारखे संबंध प्लॅनमध्ये किंवा सेक्शनमध्ये दाखवण्याची एखादी पद्धत आपण वापरली आहे का, किंवा विद्यार्थ्यांकडून करून घेतली आहे का? जातीचा उल्लेख रेखाटनात करावा की सोबतच्या लेखी टिपणातच ठेवावा, याबाबत मी साशंक आहे. घराघरावर जातीची खूण असलेला नकाशा कोणाच्याही हाती पडू शकतो, आणि ते धोक्याचे आहे असे मला वाटते. स्टुडिओच्या शिक्षकांसोबत गुणांची वाटणी करून हा विषय शिकवण्याचा अनुभव कोणाला असेल, तर ती वाटणी कशी ठरवली आणि ज्युरीत समाजशास्त्राच्या शिक्षकाला बसू दिले का, हेही कळवावे.

आणखी एक विनंती. वर्गात काही विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेले आहेत. लोकांशी बोलण्यात तेच सर्वांत पुढे असतात आणि इंग्रजीत टिपण लिहायची वेळ आली की मागे पडतात. त्यांना मुलाखतीचे टिपण मराठीतून लिहू द्यावे, असे मी विभागाला सुचवणार आहे. इतरत्र अशी मुभा दिली जात असेल, तर बाहेरच्या परीक्षकांसाठी काय व्यवस्था केली जाते? पुढील सत्राचा आराखडा लवकरच द्यायचा असल्यामुळे अर्धवट सुचलेले उत्तरही उपयोगी पडेल.