पोळीभाजी केंद्रवाल्या कादंबऱ्या आणि दिवाळीतले मांडे

वडगावची वैनी

परवा 'टिळकवाडीचा वाचक' यांनी आपल्या बेळगावकडच्या या चर्चेत बायकांच्या कादंबऱ्यांवर जे लिहिलं ते वाचता वाचता माझी आमटी करपली. म्हणून हे सविस्तर. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात: हल्लीच्या या कादंबऱ्या एका साच्यातल्या. नवरा मरतो नाहीतर पळतो, शाळेतल्या मैत्रिणी जमतात, पोळीभाजी केंद्र काढतात, दोनशे पानांत सगळं आलबेल. वर लेखिका दिवाळी अंकात 'माझ्या घरची दिवाळी' लिहिणार, म्हणजे पुस्तक आणि चकली एकाच पिशवीतून विकायला मोकळी.

साचा आहे, कबूल. पण गावातला हुशार मुलगा पुण्याला जातो, नोकरीत कुढतो आणि गावाकडची एक मुलगी आठवत बसतो, हा कुठला मोठा वेगळा माल? त्याला तुम्ही पिढीचं दुःख म्हणता. आमचं झालं की पोळीभाजी.

आता अशाच एका पोळीभाजीवाल्या कादंबरीच्या लेखिकेनं दिवाळी अंकात लिहिलेल्या त्या लेखाबद्दल. बाईंचं नाव घेत नाही, वाचलंय त्यांना कळलंच असेल. त्यांनी लिहिलंय काय? चाळिशीनंतर एकटीनं सगळे डबे भरणं सोडलं. चौघी मैत्रिणी एकेक पदार्थ करतात आणि वाटून घेतात. नरकचतुर्दशीला पहाटे एकीच्या घरी जमतात, कारीट फोडतात, एकमेकींच्या डोक्याला तेल घालतात. पाडव्याला फ्लॅटच्या दारात शेणाचे पांडव मांडतात. शेण येळ्ळूरहून पिशवीतून येतं. बीजेला एकमेकींना ओवाळतात.

तुम्हाला त्यात चकली दिसली. मला तेल घालणारा हात दिसला. दिवाळीच्या पहाटे घरच्या सगळ्या पुरुषांच्या पाठी चोळायच्या आणि शेवटी उरलेल्या कोमट पाण्याचे दोन तांबे आपल्या अंगावर. बाईच्या डोक्याला तेल कोण घालतं? आई असेतो आई. पुढं पाडव्याला नवरा ओवाळायचा, बीजेला भाऊ. भाऊ नसेल तिनं चंद्राला ओवाळावं अशी रीत आहे. मी सहा वर्षं चंद्राला ओवाळलं. त्यानं ताटात काही घातलं नाही.

यजमान गेले तेव्हा पोरगा चौथीत. घरात दोन माग, त्यातला एक बंद, आणि सूतवाल्याची उधारी. एका मैत्रिणीनं पोराला रोज चार ते आठ सांभाळलं. दुसरीनं पाटल्या काढून दिल्या, त्या मी गहाण टाकल्या. सोडवायला तीन वर्षं लागली. तिनं नवऱ्याला सांगितलेलं, सोनाराकडे पॉलिशला दिल्यात. तीन वर्षं पॉलिश! तो बिचारा अजून सोनारांना शिव्या देतो.

टिळकवाडीचा वाचक

वैनी, आमटीबद्दल दिलगीर आहे. बाकी कशाबद्दल नाही.

तुमच्या पाटल्यांची गोष्ट त्या कादंबरीत का नाही, हेच तर मी विचारतोय. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. नायिका चाळिसाव्या पानावर रडते आणि पंचावन्नाव्या पानावर केंद्राचं उद्घाटन. मधे डिपॉझिट कुणी भरलं? तारण काय? धंद्याला १९ किलोचा निळा सिलिंडर लागतो, बाई घरातला लाल सिलिंडर उचलून कामाला लागतात. पहिल्याच महिन्यात कुणी तक्रार केली असती तर केंद्र बंद. नव्यानं उभं राहणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्या तुम्ही, आणि बाजू घेताय ज्यांना माहीत नाही त्यांची.

आणि मैत्रिणी! एकही मैत्रीण हिशेब मागत नाही. माझ्या टेबलासमोर जामीन राहिलेल्या मैत्रिणी हप्ता थकल्यावर एकमेकींची उणीदुणी काढताना मी पाहिल्यात. तेही लिहा ना.

शहापूर पेठ

चर्चा चालू द्या. मला एकच सांगायचंय. लेखात बाईंनी चौथ्या मैत्रिणीच्या वाट्याला 'आमच्या बेळगावचे दिवाळीचे मांडे' दिलेत. दिवाळीत मांडे कोण करतं? मांडे लग्नाचे. रुखवतात जातात, पाठवणीत जातात. उलट्या खापरावर भाजायचे, खवा-पिठीसाखर घालून घडी घालायची. त्याला हात लागतो. माझी आत्या करायची, हातावरच कोपरापर्यंत फिरवत न्यायची. असला पदार्थ चकलीच्या ओळीत बसवणारी बाई बेळगावची असेल असं मला वाटत नाही.

वडगावची वैनी

बाई शहापूरच्याच आहेत. तुमच्यापासून फार तर चार गल्ल्या.

शहापूर पेठ

मग तर जास्तच वाईट.

निपाणीची लेक

मांड्यांचं नंतर बघू. बँकवाल्या काकांना सांगायचंय. तारण काय, असं विचारलंत ना? तारण कुठून येणार ते आमच्या घरात विचारा.

कर्नाटकात १९९४ साली कायदा बदलला आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हिस्सा आला, पण तेव्हा ज्यांचं लग्न झालेलं त्यांना नाही. माझं लग्न त्याच्या दोन वर्षं आधीचं. पुढं २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, लग्न झालेल्याही आत आल्या. त्या वर्षी भाऊबीजेला माहेरी गेले तर ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोड पत्र. दादा म्हणाला, 'नुसती सही, बाकी काही नाही.' वहिनीनं हिरवी साडी आणली होती. सही केली. साडी पहिल्याच धुण्यात गेली, रंग सगळ्या बादलीभर. उताऱ्यावर माझं नाव कधी लागलंच नाही.

आता नवरा आजारी आहे आणि मी दुसऱ्याच्या दुकानात उभी राहते. त्या कादंबरीतल्या बाईला दुकान कुणी दिलं हे मला खरंच विचारायचं नाही. मला ते वाचायला बरं वाटतं. रात्री अकरा वाजता मला वास्तव नको, वास्तव दिवसभर असतं.

टिळकवाडीचा वाचक

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण विरंगुळा हवा असं म्हणा आणि मोकळ्या व्हा. त्याला साहित्य म्हणू नका एवढंच.

वडगावची वैनी

साहित्य कशाला म्हणायचं हे ठरवायचा शिक्का तुम्ही बँकेतून निवृत्त होताना घरी आणलात काय?

१९३३ साली बाळूताई खरे यांना लग्न न झालेल्या शिकलेल्या मुलींच्या मनातलं लिहायला 'विभावरी शिरूरकर' हे नाव घ्यावं लागलं. तेव्हाही शिक्केवालेच आधी धावले होते.

खानापूरचा पाव्हणा

विभावरी शिरूरकरांशी या पोळीभाजीची बरोबरी करू नका, पाया पडतो. त्यांनी सगळ्या समाजाशी वाकडं घेतलं. या बाई कुणाशी वाकडं घेतात? चकलीच्या सोऱ्याशी?

माझं दुःख निराळंच आहे. पहिला दिवाळी अंक १९०९ चा, 'मनोरंजन'चा. शंभरावर वर्षं झाली, तरी आमच्याकडे अंक येतो तुळशीचं लग्न उरकल्यावर. त्यातही बेळगावचं कुणी लिहिलेलं सापडलं तर ते 'सीमाभागाची व्यथा' या सदरात. आम्ही व्यथाच लिहायची. या बाईंनी तेवढं तरी मोडलं, त्यांच्या कादंबरीत एकही मोर्चा नाही, हे मी मान्य करतो. अगदी नाइलाजानं करतो.

पण मोर्चा नाही म्हणजे काय? बेळगावात राहणाऱ्या चार बायका, आणि एकीलाही दुकानाच्या पाटीवरनं नोटीस येत नाही? एकीचाही मुलगा शाळा मराठी की कन्नड म्हणून अडत नाही? केंद्राची पाटी कुठल्या भाषेत होती ते पुस्तकात नाही. मी शोधलं.

दोन्हीकडचा

आला सीमाप्रश्न. मी वाटच बघत होतो.

आमच्या घरात आई कन्नड, वडील मराठी. आईच्या कपाटात कन्नड लेखिका त्रिवेणींच्या कादंबऱ्या होत्या. ही बाई १९६३ मध्ये गेली, पस्तिशीही पुरती झाली नव्हती, पण बाईच्या मनाची घुसमट तिनं जशी लिहिली तशी आपल्याकडे फार थोड्यांनी लिहिली. आणि कन्नड-मराठीतली भिंत कुणी पाडली असेल तर ती उमा कुलकर्णींसारख्या बेळगावात जन्मलेल्या बाईनं, अनुवाद करून, न बोलता. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून आपण ठरावच करतोय. कादंबऱ्या बायकांनी लिहिल्या.

खानापूरचा पाव्हणा

ठराव करायला छाती लागते. आमच्या आजोबांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्यात. भिंत पाडायच्या गोष्टी दोन्हीकडचे लोकच करू जाणे, त्यांचं घर दोन्ही बाजूंना असतं.

दोन्हीकडचा

ओ पाव्हणं, तोंड सांभाळून. माझ्या आईवर यायचं नाही.

खानापूरचा पाव्हणा

आईवर आलो नाही. तुमच्या टोपणनावावर आलो. तरी लागलं असेल तर माफी. आजोबांचं मागे घेत नाही.

मास्तर (निवृत्त)

भांडण थांबलं असेल तर भाषेचं बोलू. या कादंबरीत बेळगावच्या बायका 'अगं, तू काय करतेस?' म्हणतात. सदाशिव पेठेतून थेट अनगोळात. आपल्याकडची बाई 'काय करूलैस गे?' म्हणेल. एका पानावर जरी तसं आलं असतं तरी मी उरलेलं सगळं माफ केलं असतं.

शहापूर पेठ

'करालैस' म्हणतात आमच्याकडे.

मास्तर (निवृत्त)

गल्ली बदलली की बदलतं. तुमच्या गल्लीत मांडेही दिवाळीत चालत नाहीत.

शहापूर पेठ

चालत नाहीतच! इथं सगळ्यांनी विषय बदलला, म्हणून पुन्हा सांगतो. मी काल तीन जाणत्या बायकांना विचारलं. दोघी म्हणाल्या, दिवाळीत मांडे ऐकलेले नाहीत. तिसरी म्हणाली, 'तुला काही कामधंदा नाही काय?' म्हणजे दोन विरुद्ध शून्य.

वडगावची वैनी

मुक्ताबाईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले, तेव्हा कुणाचं लग्न होतं हो?

शहापूर पेठ

ती संतांची गोष्ट. तिथं खापरच मिळू दिलं नव्हतं विसोबानं. अडचणीत केलेला पदार्थ रीत होत नाही.

वडगावची वैनी

माझी आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा 'दिवाळीचा सण होता' अशीच सुरुवात करायची. विचारा तुमच्या तीन बायकांना.

निपाणीची लेक

अडचणीत केलेला पदार्थ रीत होत नाही? मग बाईंच्या लेखातल्या सगळ्याच रीती गेल्या. चौघींनी तेल घालायला सुरुवात केली ती अडचणीतच. एकीचा घटस्फोट, एकीची आई गेली, असं त्यांनी लिहिलंय. हौस म्हणून कोण पहाटे चारला रिक्षानं मैत्रिणीकडे जाईल?

अनगोळची पोरगी

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान आहे, रागावू नका. तुमच्या मैत्रीच्या कादंबरीत बस नाही. ११ जून २०२३ पासून आपल्या राज्यात सरकारी बस बायकांना फुकट. माझी आई, बावन्न वर्षांची, आयुष्यात एकटी कुठं गेली नव्हती. आता तिच्या दोन मैत्रिणींबरोबर महिन्यातनं एकदा निघते. सौंदत्तीला देवीला, नाहीतर गोकाकचा धबधबा बघायला. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, ती सगळी तिकिटं ती जपून ठेवते. एका डब्यात पंचवीस-तीस झालीत. बाबा विचारतात, 'शून्याची तिकिटं कशाला साठवतेस?' ती सांगत नाही.

फक्त कोल्हापूरच्या मावशीकडे जाताना सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं फुकट संपतं. मग ती उतरून महाराष्ट्राच्या एसटीत बसते, तिथं बायकांना अर्धं तिकीट. आई म्हणते, माहेर अर्ध्यात पडतं.

टिळकवाडीचा वाचक

हे लिहा. बाळ, हे लिही तू. मी पहिली प्रत विकत घेईन.

अनगोळची पोरगी

काका, त्यातही तीन मैत्रिणीच आहेत. साचा.

टिळकवाडीचा वाचक

सिलिंडर नाही ना त्यात, मग चालेल.

बरं. वैनी, काल रात्री तो लेख पुन्हा वाचला. तेलाचा परिच्छेद बरा आहे. बरा म्हणतोय, चांगला नाही. आमच्या हिचं आईचं माहेरपण संपून अकरा वर्षं झाली. गेल्या अकरा दिवाळ्या तिच्या डोक्याला तेल कुणी घातलं हे आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. विचारायला गेलो तर म्हणाली, 'आज काय नवीन?' कादंबरीबद्दलचं मत मात्र तेच आहे. पंधरा पानं कमी आहेत. तुमच्या पाटल्या त्यात घातल्या असत्या तर भरली असती.

वडगावची वैनी

मैत्रिणीला विचारून बघते. तिचा नवरा अजून हयात आहे, पॉलिशचं बाहेर फुटायला नको.

तुम्ही पुस्तक विकत घेतलेलं नाही, वाचनालयातलं वाचलंय, हे मला कळलंय. माझी प्रत घेऊन जा, त्यात मी समासात हिशेब मांडलाय, डिपॉझिट किती लागलं असतं त्याचा. पासष्टाव्या पानावर हळदीचा डाग आहे, तो आधीपासूनचा. परत करताना नवीन म्हणून दाखवू नका.

शहापूर पेठ

म्हणजे मांड्यांचं काहीच ठरलं नाही?

मास्तर (निवृत्त)

तुम्ही खा मनातल्या मनात.

शहापूर पेठ

आत्याकडचं खापर माझ्याकडे आहे अजून. माळ्यावर. या दिवाळीत नाही, तुळशीच्या लग्नाला करून बघणार आहे. तेही लग्नच.