मदत हवी आहे: 'टॅसल'ला मराठीत एकच शब्द आहे का?

मंडळी, चार दिवस एका शब्दावर अडकलेय. मुलांसाठीच्या एका इंग्रजी चित्रकोशाचं मराठी करतेय, म्हणजे प्रत्येक चित्राला एक बाण आणि बाणापुढे एकच शब्द, फार तर दोन, समजावून सांगायला जागाच नाही. आणि हा 'टॅसल' पाच वेगवेगळ्या पानांवर आलाय!

पहिलं पान पडद्यांचं. पडदा बाजूला बांधायच्या दोरीच्या टोकाला लोंबतो तो, तिथे डोळे मिटून 'गोंडा' लिहिलं. पण त्याच पानावर उशीच्या कोपऱ्यांना लोकरीचे गोल गोल पॉमपॉम आहेत आणि मराठीत आपण त्यालाही गोंडाच म्हणतो की! दोन बाण, दोन वेगळ्या वस्तू आणि शब्द एकच, मुलं गोंधळणार. 'झुपका' लिहून बघितलं पण झुपका म्हटलं की मला पानांचा नाहीतर केसांचा दिसतो, बांधून केलेली वस्तू वाटत नाही. 'झालर' तर नाहीच, ती कडेला सलग लागते, हा एकटा लोंबतो.

दुसरं पान बुटांचं, लोफरवर पुढे चामड्याचे दोन छोटे लोंबते तुकडे असतात ते. तिसरं पदवीदानाच्या चौकोनी टोपीचं, अमेरिकेत पदवी मिळाली की उजवीकडचा डावीकडे सरकवतात तो. या दोन्हीकडे गोंडा चालेल असं वाटतं, चुकत असेन तर सांगा.

चौथं पान मक्याचं आणि इथे माझी खात्री आहे की गोंडा अजिबात नको, तिथे 'तुरा'च. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नर फुलोरा, पराग तिथून झडतात आणि खाली कणसाच्या केसांवर पडतात, एकेक केस एकेका दाण्याचा. पण आमचे संपादक म्हणतात सगळीकडे एकच प्रतिशब्द ठेवा, सुसंगती हवी. मला हे मनापासून पटत नाही. इंग्रजीला लोंबणाऱ्याला आणि उभ्या असणाऱ्याला एकच शब्द पुरतो, आपल्याकडे गोंडा लोंबतो आणि तुरा डोक्यावर उभा असतो, हा फरक भाषेनेच करून ठेवलाय तर तो आपण का पुसायचा?

पाचवं पान समुद्री प्राण्यांचं. टॅसल्ड वॉबेगाँग नावाचा एक चपटा शार्क आहे, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांत तळाशी पडून असतो, तोंडाभोवती कातडीच्या फांद्याफांद्यांसारख्या झिरमिळ्या. 'गोंडेवाला शार्क' लिहिलं आणि स्वतःच खोडलं.

तर (१) गोंडा आणि पॉमपॉम वेगळे कसे दाखवू, (२) शार्कला काय म्हणू, (३) संपादकांना कसं पटवू? प्लीज मदत करा, शुक्रवारी पानं द्यायची आहेत.

प्रतिसाद १
मी हातकाम शिकवते. दोन्हीत फरक गाठीचा आहे बघा. पुठ्ठ्यावर दोरे गुंडाळून एका टोकाला बांधले, खाली कापले आणि वरून थोडी मान आवळली की लोंबता गोंडा होतो. तेच दोरे बरोब्बर मध्ये आवळून दोन्हीकडून कापले आणि छाटले की चेंडू होतो. वर्गात मी 'लोंबता गोंडा' आणि 'गोल गोंडा' म्हणते, मुलांना एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाहीत. दोन शब्दांत बसतंय तुमचं.

प्रतिसाद २
तुरा सोडू नका ताई! मका काय, ऊस काय, आम्ही 'तुरा आला' असंच म्हणतो. संकरित मक्याच्या बियाण्यात मादी ओळींचे तुरे पराग सुटायच्या आत उपटून टाकावे लागतात, तिथे 'गोंडे उपटा' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळणारच नाही.

प्रतिसाद ३
शार्कसाठी 'दाढीवाला' घ्या. त्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'डॅसिपोगॉन' आहे, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दाट केसाळ दाढीचा. म्हणजे नाव देणाऱ्यालाही तिथे दाढीच दिसली होती.
आणि संपादकांना एक उदाहरण द्या. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएट रोमिओला उद्देशून 'टॅसल-जेंटल' म्हणते, तिथला टॅसल म्हणजे नर बहिरी ससाणा. तो शब्दच वेगळा, 'तिसरा हिस्सा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला, नर मादीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान म्हणून असं सांगतात. सगळीकडे एकच प्रतिशब्द ठेवायचा नियम लावला तर ज्युलिएट बिचारी गोंड्याला हाका मारेल.

धागाकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे! लोंबता गोंडा, गोल गोंडा, तुरा आणि दाढीवाला शार्क असं लिहून, ससाण्याच्या उदाहरणासकट आत्ताच मेल पाठवली. बुटाचं तेवढं राहिलं, चामड्याच्या पट्ट्यांना गोंडा म्हटलं तर चालेल ना, की तो दोऱ्याचाच हवा?