मदत हवी आहे: राउटर टेबलवर होडीच्या पट्ट्यांची शेवटची चार बोटं खचतात

नमस्कार मंडळी,

देवबागला घराच्या पडवीत पंधरा फुटी होडी बांधायला घेतली आहे, कर्लीच्या खाडीत एकट्याने वल्हवण्यापुरती. आपल्याकडच्या होड्यांसारखी जाड फळ्यांची नाही. फर्म्यांवर ६ मिमी जाडीच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत जायच्या आणि मग आतून-बाहेरून फायबरचं कापड आणि एपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ). लाकूड शिवणीचं घेतलंय. साग जड पडतो, खिशालाही.

पट्ट्या १९ मिमी रुंद. प्रत्येकीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला पन्हळ मारायची. मग होडीच्या पोटाला कितीही वळण असलं तरी एकीची गोलाई दुसरीच्या पन्हळीत फिरते आणि मधून उजेड दिसत नाही.

राउटर म्हणजे फिरत्या पात्याने लाकडाची कड कोरणारं मशीन. त्याचं टेबल घरीच केलंय. १९ मिमी प्लायवर सनमाइका, खाली राउटर उलटा टांगलेला आणि पट्टी टेकवून सरकवायला फेन्स म्हणून एक सरळ सागाची फळी. कॉलेट, म्हणजे बिटाचा (फिरत्या पात्याचा) दांडा पकडणारी चिमट, १२ मिमीचं आणि मागवलेल्या बिटांचे दांडे निघाले अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिमी. या ०.७ मिमीने माझे आठ दिवस खाल्ले. (कोणी ६ मिमीचं बिट पाव इंचाच्या कॉलेटमध्ये आवळून चालवत असेल तर आधी मशीन बंद करा. हाताला घट्ट लागतं, पण चालू मशीनमध्ये सरकतं.)

पट्टी सोळा फुटी, म्हणजे बिटाच्या दोन्ही बाजूंना सोळा-सोळा फूट मोकळी जागा हवी. पडवी बावीस फुटांची. म्हणून टेबल खिडकीपाशी ठेवलंय. पट्टी गजांमधून बाहेर जाते आणि थेट तुळशीपर्यंत पोचते. आई दिवा लावायला आली की काम बंद.

आता अडचण. पट्टी उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध ढकलतो. वरून आणि बाजूने दाबायला फणीसारखे दाते कापलेल्या दोन फळ्या लावल्यात. पंधरा फूट सगळं छान जातं. शेवटची चार बोटं आली की 'टक्' असा आवाज होतो आणि कड तेवढ्यात खोल खचते. गोलाईला हे दर वेळी होतं. पन्हळीचं दुखणं वेगळंच आहे. तिचे दोन्ही ओठ इतके पातळ होतात की नुसतं बोट फिरवलं तरी तुटतात. पन्हळ दोन मिमीहून जरा जास्त खोल जाते, बिटाची त्रिज्या ३.२ मिमी.

शेजारचे म्हातारे सुतारकाका, ज्यांची हयात होड्या बांधण्यात गेली, येऊन बघून म्हणाले, "ह्येची होडी होतली की सूप?" मग जाता जाता, "शेवटाक पट्टीक आधार खंय हा रे?" एवढंच. फेन्स तर सरळ आहे, दोरा धरून पाहिलाय. मग आधार जातो कुठे? बावन्न पट्ट्या मारायच्या आहेत, त्यातल्या सहा वाया गेल्या.

प्रतिसाद

काका बरोबर बोलले. गोलाई मारताना तुमचं बिट अख्खी कड थोडी खातंय, समजा अर्धा मिमी. बिटाच्या पुढे पट्टी तेवढी अरुंद झाली, पण फेन्सचा पुढचा भाग मागच्याच रेषेत आहे. पट्टीचं शेपूट मागचा फेन्स सोडतं आणि फणी तिला त्या फटीत ढकलते. पुढच्या अर्ध्या फेन्सला १ मिमी सनमाइका चिकटवा आणि बिट बरोबर १ मिमी खाईल इतकं बाहेर काढा.

पन्हळीला ही युक्ती नको, तिथे ओठांची कड मूळचीच राहू दे. हिशेब करून पाहा: ३.२ त्रिज्येचं बिट २ मिमी खोल गेलं की पन्हळीची रुंदी ५.९ मिमी होते. पट्टी ६ ची, मग ओठ राहणार कुठून? दीड मिमी खोल ठेवलीत तर दोन्हीकडे जेमतेम ०.३ मिमी उरतं. आणि आधी गोलाई, मग पन्हळ. उलट केलंत तर नाजूक ओठ दुसऱ्या फेरीत फेन्सवर घासत जातात.

अजून एक. दोन्ही फेऱ्यांना पट्टीची तीच बाजू टेबलावर पालथी पडली पाहिजे, पेन्सिलीने खूण करा. मग जाडीतला फरक सगळा एकाच अंगाला जमतो आणि रंध्याने निघतो. सोळा फुटांचा हट्टही सोडा. आठ फुटी पट्ट्या मारून फर्म्यावरच जोडा, फक्त शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. तुळसही सुटेल.

धागाकर्ता

सनमाइकाचा तुकडा रबर सोल्युशनने चिकटवला. वाया गेलेल्या पट्ट्यांतून तीन-तीन फुटांचे तुकडे काढून आधी त्यांच्यावर मारलं. आवाज गेला, शेपूट सरळ. पन्हळ दीडवर आणली, ओठ बोटाला टिकतायत, नख लावलं तर अजून तुटतात. दुपारी व्होल्टेज पडलं की राउटर घुसमटतो आणि तंतू उपटले जातात, म्हणून आता पहाटेच बसतो.

काकांना नवे दोन तुकडे एकमेकांत बसवून दाखवले. त्यांनी ते उजेडाकडे धरले, फिरवले, पुन्हा फिरवले आणि खिशात टाकून घेऊन गेले.