‘एम्बार्गो’ला नाकेबंदी म्हणावे का?

प्रश्नकर्ती : अमेरिकी प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या काळावरील लेखाचा अनुवाद करताना मी अडले आहे. ब्रिटन आणि नेपोलियनचा फ्रान्स या युद्धात गुंतलेल्या दोन्ही सत्ता तटस्थ अमेरिकेची जहाजे पकडत होत्या, म्हणून २२ डिसेंबर १८०७ रोजी अध्यक्ष जेफरसन यांनी आपल्याच जहाजांना परदेशी जाण्यास मनाई करणाऱ्या ‘एम्बार्गो’ कायद्यावर सही केली. मी ‘नाकेबंदी’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘निर्यातबंदी’ केले. मला दोन्ही पटत नाहीत.

नाशिकहून : नाकेबंदी मुळीच नको. नाकी दुसऱ्याची अडवतात. येथे घरधन्याने स्वतःच्याच दाराला आतून कडी घातली. ‘निर्यातबंदी’ही अपुरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर ती आली तेव्हा आमचा माल अडला, जहाजे अडली नाहीत. त्या कायद्याने मात्र रिकाम्या अमेरिकी जहाजालाही विशेष परवानगीवाचून परदेशी जाता येत नव्हते, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने देशातच माल नेणाऱ्यालाही जहाज व माल यांच्या दुप्पट किमतीचा जामीनकतबा लिहून द्यावा लागे.

रत्नागिरीहून : मग ‘बंदरबंदी’ म्हणा. पावसाळा आला की आजोबा होडी ओढून वर घेत, झापांनी शाकारत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ‘बंदर बंद’ एवढेच सांगत. जहाजे धक्क्याला उभी आहेत, हे चित्र त्या दोन शब्दांत पुरते येते.

इंदुरातून : ‘बंदर’ फारसी आणि ‘बंदी’ही फारसी. ‘प्रस्थाननिषेध’ हा शब्द नेमका असताना हे कशाला?

नाशिकहून : नेमका असेल, पण कोणत्या खलाशाला तो कळेल? बंदर हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला परका म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ती : एक अडचण राहतेच. अमेरिकेची निर्यात १८०७ मधील सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून पुढच्या वर्षी सुमारे २.२ कोटींवर आली, तेव्हा चिडलेल्या विरोधकांनी ‘एम्बार्गो’ची रोमन अक्षरे उलटी करून ‘ओग्रॅबमी’ नावाचे, व्यापाऱ्याला चावणारे कासव व्यंगचित्रात आणले. ‘मला पकड’ हा अर्थ कोणत्याच मराठी प्रतिशब्दातून निघत नाही. शिवाय पुढच्याच परिच्छेदात २२ जून १८०७ ची घटना आहे : ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘चेसापीक’वर तोफा डागल्या आणि पळपुटे ठरवून चार खलाशी उचलून नेले. असे खलाशी नेण्याला ‘सक्तीची भरती’ म्हणावे का?

इंदुरातून : भरती आपल्या प्रजेची होते, आणि ते खलाशी कोणाची प्रजा हाच तर वाद होता, जन्माने ब्रिटिश तो कायमचा ब्रिटिश, असा लंडनचा दावा होता. ‘वेठ’ म्हणा. तो संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, अस्सल शब्द आहे.

रत्नागिरीहून : वेठीला मोबदला नसतो. ब्रिटिश आरमार धरून आणलेल्यांनाही पगार देत असे, म्हणून ‘वेठ’ येथे बसत नाही. साधे ‘धरून नेणे’ म्हणावे.

इंदुरातून : संपात प्रवासी वेठीस धरले जातात, असे आपण रोज म्हणतो. तेथे मोबदल्याचा प्रश्न कोठे येतो?

रत्नागिरीहून : तो वाक्प्रचार झाला. प्रश्न ‘वेठ’ या नामाचा आहे आणि त्यावर मी ठाम आहे.